पगडी घालून मेटल: असा बँड किती वर्षं चालणार?

मल्हारगंजी

इंदूरच्या रामबाग-नारायण बाग भागातल्या काही पोरांच्या डोक्यात एक बँड आहे. नाट्यसंगीत हेवी मेटल रॉकमध्ये वाजवायचं. चौघं अंगरखा-पगडीत, ड्रमवर मुलगी नऊवारीत. आधी गणेशोत्सवातली मंडळं, मग रील, मग पुणे-मुंबई, आणि पुढे म्हणे हेच करिअर. यावर इंदुरात दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात, "संस्कृतीची थट्टा" किंवा "वा, काहीतरी नवीन". दोन्हींत मला रस नाही. मला धंद्याचं बोलायचंय.

माझं मत असं की गमतीच्या कल्पनेवर उभा राहिलेला रॉक बँड तीन वर्षं चालतो. पहिल्या वर्षी लोक हसतात, दुसऱ्या वर्षी मित्रांना दाखवायला घेऊन येतात, तिसऱ्या वर्षी "हो हो, पाहिलंय" म्हणतात.

ड्रेड झेपेलिन हा कॅलिफोर्नियाचा बँड घ्या. लेड झेपेलिनची गाणी रेगेच्या ठेक्यात, आणि गाणारा एल्विस प्रेस्लीच्या पोशाखात. 1990 मध्ये पहिला अल्बम आला, गाजला, लेड झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट, खुद्द त्यानं कौतुक केलं. 1991 मध्ये दुसरा, विनोद तोच. मग एल्विसवाला बाहेर पडला. उरलेल्यांनी 1992 मध्ये डिस्कोची गाणी केली, ती कुणी विचारली नाहीत. पुढे एल्विस परत आला, बँड वाजवतही राहिला, पण पहिल्या अल्बमाची उंची पुन्हा गाठली नाही.

म्हणून पोरांना सांगणं एवढंच: करा, पण तीन वर्षांचं काम म्हणून करा. कर्ज काढून अँप्लिफायर घेऊ नका, नोकरी सोडू नका, आणि शेवटचा कार्यक्रम कधी करायचा ते आजच ठरवा.

डबल_पेडल

मल्हारगंजीकाका, एक पडलेला बँड दाखवून सगळ्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावलीत.

ग्वार बघा. व्हर्जिनियातल्या रिचमंडचा बँड, 1984 पासून चालू आहे. परग्रहावरचे राक्षस, रबराची चिलखतं, प्रेक्षकांवर खोट्या रक्ताची पिचकारी. (आपल्याकडे रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीत टँकरनं रंग उडतो, त्यातलाच प्रकार, फक्त लाल.) मुख्य गायक डेव्ह ब्रॉकी 2014 च्या मार्चमध्ये वारला, तरी बँड थांबला नाही. का? लोक माणसाला नाही, पात्राला ओळखतात. वाजवणारे कितीतरी बदलले, पात्रं येत-जात राहिली, कंपनी चालूच. जुन्या नाटक कंपन्या याच हिशेबावर चालायच्या. नट बदलला म्हणून नाटक बंद पडत नसे.

दुसरं, पोशाख ते स्वतःच्या कारखान्यात स्वतः बनवतात. बाहेरून शिवून आणले असते तर दुसऱ्या दौऱ्यातच दिवाळं निघालं असतं.

आणि विडंबनगीतं गाणारा अमेरिकेचा विअर्ड अल यांकोविक? 1979 मध्ये पहिली एकेरी तबकडी. 2014 मध्ये, म्हणजे 35 वर्षांनी, त्याचा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. विनोदी अल्बमाला तो मान त्याआधी 1963 मध्ये मिळाला होता. ड्रमर 1980 पासून तोच, गिटार आणि बेसवाले 1982 पासून तेच. तुमच्या तीन वर्षांत हे कुठे बसवायचं?

मल्हारगंजी

अल तर माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. त्याचा विनोद दर दोन-चार वर्षांनी दुसरेच लोक नवा करून देतात. 1984 मध्ये मायकल जॅक्सन लोकप्रिय होता, त्याचं विडंबन केलं, अमेरिकेत 12 व्या क्रमांकापर्यंत गेलं. 1986 चा अल्बम आपटला. 1988 मध्ये पुन्हा जॅक्सन, पुन्हा वर. मग 1989 मध्ये त्याचा सिनेमा पडला, आणि 1992 मध्ये निर्वाणा या बँडच्या गाण्याच्या विडंबनानं तारलं. म्हणजे लोकांच्या तोंडी नवं गाणं आलं की याला नवा कच्चा माल मिळतो. ड्रेड झेपेलिनचा कच्चा माल एकाच बँडची गाणी होती, आणि तो बँड 1980 मध्येच संपला होता.

आता आपल्या पोरांचं बघा. नाट्यसंगीतात नवा माल येतो का? लोकांना तोंडपाठ असलेली पदं पंचवीस-तीस. नव्या पिढीला त्यातली पाच. जे गाणं ऐकणाऱ्याला मुळातच ठाऊक नाही त्याच्या विडंबनाला कोण हसणार?

रामबागची_लेखणी

या मुद्द्यावर मी काकांच्या बाजूनं अर्धी.

विडंबन ऐकताना डोक्यात दोन गाणी एकदम चालू असतात, मूळ आणि नवं. मूळ ठाऊक नसेल तर उरतो नुसता आरडाओरडा. अत्र्यांनी केशवकुमार नावानं विडंबनं लिहिली तेव्हा वाचकाला मूळ कविता पाठ होत्या, म्हणून ती लागली. आज इंदुरात पंचविशीतल्या मराठी मुलाला काय पाठ असतं? आरत्या, दोन-चार भावगीतं, आणि बाकी सगळी हिंदी.

पण अलच्या अल्बमांतलं एक अंग काका विसरले. त्याची साधारण अर्धी गाणी कुठल्याच गाण्याची विडंबनं नसतात. तो एखाद्या बँडची शैली उचलतो आणि शब्द, चाल सगळं नवं करतो. शैलीचं विडंबन. 2018 मध्ये त्यानं पोशाख न घालता, लहान नाट्यगृहांत, बहुतेक अशीच स्वतःची गाणी घेऊन दौरा केला आणि लोक तरी आले. पोरांनी हे करावं. नाट्यपदासारखं नवं पद लिहायचं. भाषा संगीत नाटकाची, विषय आजचा: विजयनगर चौकातला सिग्नल, पोह्यांवर शेव किती घालायची, भाड्याच्या खोलीत वधूपरीक्षा. मूळ पद ठाऊक नसलं तरी "हे कोण जुन्या भाषेत सिग्नलवर रडतंय" एवढं कळायला पुरतं.

लिहिण्याचं तंत्रही सांगून टाकते, कारण बहुतेक विडंबनं इथंच मार खातात. मूळ ओळीच्या मात्रा मोजा आणि तेवढ्याच ठेवा. गुरू अक्षरावर जिथे सूर लांबतो तिथे लघु अक्षर आलं की गाणारा ते ओढतो आणि शब्द फाटतो. यमक शेवटी जुळलं की झालं असं नसतं. पहिल्या दोन शब्दांचे स्वरही मुळाशी जुळले पाहिजेत, म्हणजे कान फसतो. आणि ज्या शब्दावर हसू यायचं तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. समेच्या आधी अर्धी मात्रा मोकळी सोडा. तिथे ड्रमचा फिल टाकला की विनोद मेला.

काळा_कोट

लेखणीताईंनी कलेच्या अंगानं जे सांगितलं तेच कायद्याच्या अंगानंही बरोबर आहे. विडंबन करणाऱ्या बँडला हे आधी कळलं पाहिजे, मग पगडी.

भारतात कॉपीराइटचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगवेगळा. 'सौभद्र'वाले किर्लोस्कर 1885 मध्ये गेले, देवल 1916 मध्ये, दोघेही मोकळे. 'स्वयंवर'चे शब्द खाडिलकरांचे, ते 1948 मध्ये गेले, हक्क 2008 अखेर संपले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते 1922 मध्ये गेले. मोकळं रान. पण अभिषेकी 1998 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली 2058 अखेरपर्यंत बांधलेल्या. गदिमा 1977 मध्ये गेले, शब्द 2037 अखेरपर्यंत. बाबूजी 2002 मध्ये, चाली 2062 पर्यंत.

आता "कव्हरचा परवाना काढू" हे सर्रास ऐकू येणारं उत्तर. कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण पुन्हा रेकॉर्ड करणं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 31सी खाली कव्हरचा परवाना मिळतो, पण पहिलं रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते वर्ष संपून पाच वर्षं गेल्यावर, वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरून, आणि तांत्रिक गरजेपलीकडे काहीही न बदलता. विडंबन म्हणजे बदल. हा दरवाजा बंद.

अमेरिकेत 1994 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं विडंबनाला रास्त वापर म्हणून आधार दिला. तरी अल मूळ रचनाकाराला विचारल्याशिवाय गाणं काढत नाही. प्रिन्सनं कायम नकार दिला, अलनं त्याचं काही केलं नाही. आपल्या कायद्यात विडंबन असा शब्दच नाही. कलम 52 मध्ये टीका आणि समीक्षा आहे, आणि 1996 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या दुसऱ्या नाटकाला त्या आधारावर संरक्षण दिलं. पण तिथे मूळ नाटकाच्या विचारावर टीका होती. भावगीताच्या चालीवर पाणीपुरीचं गाणं म्हटलं तर टीका कशावर? शिवाय कलम 57. रचनाकाराच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड झाली तर त्याचे वारसही दावा लावू शकतात.

गणेशोत्सवापुरतं बोलायचं तर हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. ती सूट सादरीकरणाची. तोच कार्यक्रम मोबाइलवर घेऊन यूट्यूबवर टाकला की सूट संपली. तिथे दावा आला तर जाहिरातीचे पैसे मालकाकडे वळतात, तेवढं सोसता येतं. स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याची नोंद, वेगळी. नव्वद दिवसांत तीन झाल्या की चॅनल बंद.

सयाजीबाग

बडोद्याहून. एवढा कायदा वाचून पोरं बँड सोडून सीए करतील.

काळा_कोट

सीए झाला तरी चालेल, बँडला एक लागतोच.

डबल_पेडल

कोटसाहेब, नावाचंही सांगा. अमेरिकेत ग्रीन जेलो नावाचा गमतीचा बँड होता. जेलीवाल्या कंपनीच्या ट्रेडमार्कमुळे त्यांना नावाची स्पेलिंग बदलावी लागली, तीही 1993 मध्ये, नेमकी हिट लागली तेव्हा. पोरांनी गाजलेल्या मिठाईच्या किंवा नमकीनच्या ब्रँडवरून नाव ठेवलं तर?

काळा_कोट

तर नोटीस येईल, आणि तीही गाजल्यावर. आधी कुणी लक्ष देत नाही. म्हणून नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवा: मनोरंजनासाठी वर्ग 41, रेकॉर्डिंगसाठी वर्ग 9. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये. अर्ज एकाच्या नावानं करू नका. आधी भागीदारीचा साधा करार करा. त्यात लिहा की नाव, पोशाख आणि पात्रं बँडची, माणूस गेला तर ती घेऊन जाणार नाही. ड्रेड झेपेलिनचा एल्विस गेला तेव्हा विनोदच त्याच्याबरोबर गेला. ग्वारचा गायक गेला तेव्हा कंपनी उरली.

मल्हारगंजी

म्हणजे ग्वार टिकला तो गमतीमुळे नाही, व्यवस्थेमुळे. हे मान्य. पण मग मला सांगा, इंदूरमध्ये चिलखतांचा कारखाना कोण काढणार आहे?

पडद्यामागे

कारखाना लागत नाही, पण पोशाखाचा विचार मात्र लागतो. तो आत्ता झालेला दिसत नाही.

पगडी. मेटलमध्ये मान हलणार. बांधीव पुणेरी पगडी दुसऱ्या झटक्यात बेसवाल्याच्या पायाशी. आतून कडेला अर्ध्या इंचाची फोमची पट्टी चिकटवा, कानामागून कातडी रंगाचं इलॅस्टिक घ्या, हनुवटीखालून नाही, गळा आवळतो आणि खालचा सूर बसतो. एक जादा पगडी ड्रमच्या मागे.

मिशा. नाटकात क्रेपच्या मिशा स्पिरिट गमनं बसवतात आणि अंक निभतो, कारण नट माइकला ओठ लावत नाही. इथे लावणार. भाद्रपदातली दमट हवा, मंडपातले दिवे, घाम. तिसऱ्या गाण्यात मिशी माइकच्या जाळीवर. गाणाऱ्यानं एक तर स्वतःची वाढवावी किंवा काढून टाकावी. गिटारवाल्यांनी खुशाल चिकटवावी.

नऊवारी आणि डबल पेडल (दोन्ही पायांनी किक ड्रम वाजवायचं) हे सगळ्यात धोक्याचं. काष्ट्याचा काठ पेडलच्या साखळीत जातो आणि पाय अडकतो. शिवलेली नऊवारी घ्या, पोटरीपर्यंत चढवा, आतून सायकलिंग शॉर्ट. कोल्हापुरी घालून पेडल मारू नका, तळ सरकतो. अनवाणी किंवा पातळ तळाचा बूट. काचेच्या बांगड्या नकोत, स्नेअर ड्रमच्या कडीवर फुटतात.

आणि अंगरखा सुती. जरीचा सिंथेटिक अंगरखा घालून चाळीस मिनिटं मेटल वाजवलं तर रुग्णवाहिकाही बँडच्या खर्चात धरा.

फिनलंडचा लॉर्डी 2006 मध्ये राक्षसांच्या मुखवट्यांत युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकला, 292 गुण, फिनलंडचा पहिला विजय. मुखवटे गायक स्वतः बनवतो. हेल्सिंकीचं हवामान आणि इंदूरचं हवामान, एवढाच फरक लक्षात ठेवा.

फेडरवाला

पोशाखावर एवढं बोललात, पण गमतीचे बँड पडतात ते दुसऱ्याच कारणानं. शब्द ऐकू येत नाहीत. गंभीर मेटलमध्ये शब्द नाही कळले तरी चालतं. विनोदात एक शब्द गेला की गाणं गेलं.

हिशेब करा. मिनिटाला 180 ठोक्यांच्या लयीत एक ठोका 0.33 सेकंदाचा. आठव्या स्वरांवर, म्हणजे ठोक्याला दोन अक्षरं गायली तर सेकंदाला सहा अक्षरं. मराठी जोडाक्षरांसकट हे मंडपात कळत नाही. 120 वर आणलं तर सेकंदाला चार, आणि ते कळतं. ज्या ओळीत विनोद आहे ती 120 ते 140 वर ठेवा, ओळ संपल्यावर 180 वर पळा. ड्रमवालीच्या कानात क्लिक, म्हणजे लय दाखवणारा टकटक ठोका, हवाच, नाहीतर परत 120 वर कुणी येत नाही.

मिक्समध्ये व्यंजनं साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये असतात, आणि डिस्टॉर्शनची गिटार तिथेच बसलेली असते. दोन्ही गिटारींतून त्या पट्ट्यात 3-4 डेसिबल काढा. आवाजाला 100-120 हर्ट्झच्या खाली कट. रिव्हर्ब (घुमारा) जवळजवळ बंद, मंडपाच्या पत्र्याचा आहेच. किक ड्रममध्ये उशी घाला. 180 वर सोळाव्या स्वरांचे पेडल (ठोक्याला चार) म्हणजे सेकंदाला बारा ठोके, आणि पत्र्याखाली ते नुसता गडगडाट होतात.

गिटारचं ट्यूनिंगही गाणाऱ्यावर ठरवा. गाणारा काळी एकमध्ये (सी-शार्प) गात असेल तर ड्रॉप सी-शार्प, म्हणजे सगळ्यात जाड तार सी-शार्पपर्यंत उतरवलेली. पण 9-42 जाडीच्या तारा तेवढ्या उतरवल्या की लोंबतात आणि प्रत्येक फटक्याला सूर वर चढतो. किमान 11-54 हव्यात, आणि त्या बसवल्यावर नेकची सेटिंग पुन्हा करून घ्या.

आणि वेळ. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तुमचा दिवस त्यात आहे का ते मंडळाला आधी विचारा. पंधरा मिनिटं साउंडचेक, चाळीस मिनिटं कार्यक्रम. आठ गाणी, मध्ये बोलणं मिळून आठ मिनिटं. त्याहून लांबला की तोच विनोद उतरायला लागतो.

सयाजीबाग

फेडरवाल्यांचं सगळं मान्य, पण धंदा म्हणत असाल तर गणपतीचं गणित चुकतंय. आमच्याकडे नवरात्रात गरब्याचा बँड नऊ रात्री एकाच मैदानावर वाजवतो. एकदा सामान लावलं की नऊ दिवस हलवायचं नाही. तुमच्याकडे दहा मंडळं म्हणजे दहा वेळा सामान चढव-उतरव, प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं. पगडीवाल्यांना आम्ही नवरात्रात बोलावणार नाही, तिथे लोक नाचायला येतात, शब्दांना कुणी विचारत नाही. पण विनोदी बँडनं एकाच जागी सलग चार-पाच प्रयोग मिळतात का ते बघावं. नाटकाच्या दौऱ्यासारखं.

मल्हारगंजी

आणि बाहेरगावचा खर्च. पाच वाजवणारी, एक साउंडवाला. मुंबईला अवंतिका एक्सप्रेसनं रात्रीत जाल, पण पूर्ण ड्रमसेट नेऊ नका. स्नेअर, झांजा आणि पेडल बरोबर, बाकीचा सेट तिथल्या साउंडवाल्याकडून. पगड्यांच्या पेटीला एक माणूस जातो तो वेगळाच. एका गाण्याच्या व्हिडिओवर बोलावणं आलं तर मानधनात ये-जा, राहणं आणि सेटचं भाडं लेखी घ्या. व्हायरल झालेल्यांना लोक "प्रसिद्धी मिळेल" म्हणून फुकट बोलावतात. प्रसिद्धी आधीच मिळाली आहे, म्हणून तर बोलावलं!

आता मूळ मुद्दा. गमतीतून बाहेर पडलेले बँडच टिकले, हे कुणी बोलायलाच तयार नाही. डॉ. हूक हा अमेरिकी बँड घ्या. मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकायची हाव असलेल्या बँडचं गाणं त्यांनी केलं, आणि 1973 च्या मार्चमध्ये खरोखरच त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं व्यंगचित्र आलं. 1974 मध्ये दिवाळखोरी. 1976 पासून सरळ, मऊ प्रेमगीतं गायली आणि मग पैसे मिळाले. आणि आपल्याकडचं घ्या, दिल्लीचा ब्लडीवुड. 2016 च्या सुमाराला पॉप गाण्यांची मेटलमध्ये थट्टा करणारे व्हिडिओ. ते सोडलं, ढोल आणि रॅप घेऊन स्वतःची गंभीर गाणी केली, 2019 मध्ये जर्मनीत वाकेन या मेटल महोत्सवाच्या मंचावर गेले, 2022 मध्ये अल्बम. थट्टेवरच राहिले असते तर?

डबल_पेडल

तर थट्टेशिवाय वाकेनपर्यंत कोण पोचलं असतं, तेही सांगा. थट्टेच्या व्हिडिओंनी प्रेक्षक जमा केला, आणि त्या काळात हात साफ झाला. दुसऱ्यांची गाणी मेटलमध्ये बसवताना मांडणी शिकावीच लागते.

शिवाय बाहेर पडणं हा एकच मार्ग नाही. दे माइट बी जायंट्स घ्या. ब्रुकलिनचे, 1980 च्या दशकात फोनच्या आन्सरिंग मशीनवर रोज गाणं ऐकवायचे. विचित्र, हसरी गाणी. 2002 मध्ये मुलांचा अल्बम काढला, पुढे मुलांच्या आकड्यांच्या अल्बमाला 2009 मध्ये ग्रॅमी. विनोद सोडला नाही, ऐकणारा बदलला. आमच्या इंदुरात शाळांची स्नेहसंमेलनं किती होतात, मोजा जरा. पगडीतला राक्षस पाढे म्हणतोय, हे भिया दहा वर्षं आरामात चालून जाईल.

रामबागची_लेखणी

पाढ्यांची कल्पना उत्तम. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी घ्या, ती ऐकून आजोबाही उभे राहतील. आणि पाढ्यांवर कोटसाहेबांना काही बोलता येणार नाही.

काळा_कोट

चाल स्वतःची असेल तर नाही.

सूरपेटी

धागा इतका लांबला आणि रागाचं कुणी बोललं नाही, तेही इंदुरात! ज्या गावाच्या नावानं अमीर खाँसाहेबांचं घराणं ओळखलं जातं तिथे पहिल्या दोन रांगांत कोण बसणार ते ठाऊक आहे ना? त्यांना पगडीचं काही वाटणार नाही. वर्ज्य सूर लागला तर मात्र ते उठतील.

मेटलची गिटार पॉवर कॉर्डवर चालते. पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि पंचम. त्यात गंधार नसतो, म्हणून तो कोमल की शुद्ध हे भांडण येत नाही, आणि भीमपलासातल्या पदाखाली ही कॉर्ड छान बसते. पण पद मालकंसातलं असेल तर? मालकंसात पंचम नाही, रिषभ नाही. सा-पंचमची कॉर्ड पहिल्या फटक्यालाच राग मोडते. तिथे सा-मध्यम वाजवा, म्हणजे मूळ सुरावर चौथा. ऐकायला जडही लागतं. मध्यमावरून वर जाताना रिफमध्ये सवयीनं पंचम घुसतो, तेवढी बोटं आवरा. मारव्यातही पंचम वर्ज्य, आणि तिथे साही जपूनच, म्हणून मेटलवाल्यांनी त्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये.

ताल सोपे. केरवा सरळ चारात बसतो, दादरा सहा-आठात. रूपकाच्या सात मात्रा मेटलवाल्यांना उलट आवडतात, फक्त रूपकात सम 'खाली'च्या, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर येते हे ड्रमवालीला सांगा, नाहीतर ती तिथे क्रॅश झांज हाणेल. झपताल दहाचा, पाच-पाच पाडा.

आणि म्हणून मला दोन्ही बाजूंचं म्हणणं अपुरं वाटतं. तीन वर्षं की तीस, हे विनोदावर ठरत नाही. राग नीट लागला तर ज्याला पद ठाऊक आहे तो हसून झाल्यावरही थांबतो.

मल्हारगंजी

सूरपेटी, हे पटलं. तीन वर्षांचा आकडा मागे घेतो, पण एक कसोटी लावतो. पोरांनी चार गाणी फक्त आवाजात रेकॉर्ड करावीत. पगडी नाही, व्हिडिओ नाही, "आम्ही नाट्यसंगीत मेटलमध्ये करतो" ही प्रस्तावनाही नाही. ज्यांना काहीच ठाऊक नाही अशा दहा जणांना ऐकवावीत. दुसऱ्यांदा लावा असं किती जण म्हणतात ते मोजावं. तीनपेक्षा कमी निघाले तर नोकरी सोडू नये.

डबल_पेडल

ही कसोटी ग्वारला लावली असती तर ग्वार 1984 मध्येच घरी बसला असता. डोळ्यांनी पाहायची गोष्ट नुसती कानांनी तपासताय. दशावतार रेडिओवर ऐकून नापास करणार का?

मल्हारगंजी

दशावतारातल्या नटाला गाता येतं हो. म्हणूनच तर म्हणतो.

पडद्यामागे

दोन्ही करा. आवाजाची कसोटी घरी, पोशाखाची भर दुपारी गच्चीवर. चाळीस मिनिटं पूर्ण वेषात वाजवा, पंखा न लावता. त्यात जे सुटेल, फाटेल किंवा गळेल ते आधी दुरुस्त.

फेडरवाला

गच्चीवरून आवाज शेजारच्या खिडकीत किती जातो तेही मोजा. निवासी भागात दिवसा मर्यादा 55 डेसिबल, आणि ड्रमवर ती पहिल्याच ठोक्याला ओलांडते. सरावाला पेडलखाली रबरी मॅट, स्नेअरवर म्यूट पॅड, गिटारी हेडफोनमध्ये.

रामबागची_लेखणी

कसोटीच्या चार गाण्यांत एक तरी नवं पद असू द्या, सगळी जुनी नकोत. सिग्नलवालं पद लिहायला घेतलंय, मुखड्याच्या सोळा मात्रा, सम "हिरवा"वर. राग कोणता घ्यायचा, सूरपेटी?

सूरपेटी

भीमपलासी. पंचम आहे, पोरांची बोटं चुकणार नाहीत. फक्त आरोहात रिषभ आणि धैवत घेऊ नका म्हणावं.